भाकरी देणारे घर, संशयातले घर

नव्वदच्या दशकात कर्जतला बँकेच्या शाखेत असताना एका खातेदार आजीबाईंशी ओळख झाली. १९४२ साली त्या लहान होत्या. आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकऱ्या रानाच्या कडेला ठेवून यायचे, हे त्यांचे काम. "कुणासाठी?" मी विचारले. "इचारायचं नाय, आय सांगायची," त्या म्हणाल्या.

भाई कोतवाल माथेरानचे, पेशाने वकील. शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पुढे फितुरीने ठावठिकाणा लागला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

मुलांसाठीच्या आपल्या ऐतिहासिक गोष्टी इथेच संपतात. इकडे वीर, तिकडे फितूर. मीही नातवाला तशीच सांगितली. त्याने विचारले, "आजोबा, भाकरीवाल्या आजींना शेजाऱ्यांची भीती नाही वाटली?" कादंबरीकार म्हणवणाऱ्या मला शेजारी सुचलाच नव्हता!

मग आजीबाईंचे दुसरे बोलणे आठवले. त्यांच्या वाडीतल्या एका घरावर बातमी फोडल्याचा संशय होता. पुरावा काहीच नव्हता. तरी त्या घरच्या लग्नाकार्याला कुणी जाईना आणि त्या घरच्या पोरीला कुणी खेळायला घेईना. भाकरी देणारी वाडी तीच आणि ही वाडीही तीच. बँकेत ऐकीव गोष्टीवर आम्ही कुणाची पत ठरवत नसू; गावात मात्र ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी ठरून जाते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तिथे ना युद्ध होते, ना पोलिसांचा वेढा. होती ती फक्त अफवा.

फितुरी घडलीच नाही, असे मुलांना सांगू नये. हुतात्म्यांचे मोलही कमी करू नये. पण कर्जत-खालापूरच्या शाळांत सिद्धगडाची गोष्ट निघेल, तेव्हा भाकरी नेणाऱ्या मुलीशेजारी ती एकटी पडलेली पोरही उभी करावी. मग मुलांना विचारावे, तिला खेळायला कोण बोलावेल? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. आमच्या पिढीला तो प्रश्नच कुणी घातला नव्हता.