चित्रातले गाव

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिट्बी हे गाव आता घरबसल्या पाहता येते. बंदरावर रोखलेला कॅमेरा तेथील भरती-ओहोटी आणि होड्यांची ये-जा जगाला दाखवीत असतो. टेकडीवरील मठाची परंपरा इ. स. ६५७ पासूनची, दर्यावर्दी जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज बांधले गेले तेही याच गावी.

दृश्य मनोहर आहे. परंतु खिडकीमागे कोणी राहते की नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. सुट्टीपुरती उघडणारी घरे वाढली, किमती भडकल्या आणि भूमिपुत्रांना घर परवडेनासे झाले. अखेर जून २०२२ मध्ये गावात मतदान होऊन, नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असा कौल प्रचंड बहुमताने दिला गेला. तो कायद्याने बंधनकारक नव्हता, हे दुर्दैव.

गोमंतकीयांना ही कथा परकी वाटू नये. आपल्याही किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असलेली घरे आहेतच. पर्यटकांची मोजदाद करणाऱ्या सरकारने, बारमाही राबता असलेली घरे प्रत्येक पंचायतीत किती उरली, याचीही नोंद ठेवावी. तुळशीपुढे सांजवात लावणारे कोणी उरले नाही, तर गाव केवळ पाहण्यापुरते उरेल.