अभ्यासावरचा पहिला हक्क

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. आदिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली याच दिवशी झाली होती. नंदुरबारपासून पालघरपर्यंत या दिवशी मिरवणुका निघतात, सभा होतात. याच तारखेला २०१९ साली उत्तर स्वीडनमधल्या लिक्सेले गावात एक दफनविधी झाला. तिथल्या जुन्या दफनभूमीतून गेल्या शतकात सामी या तिथल्या आदिवासी जमातीतल्या २५ स्त्रीपुरुषांचे अवशेष उकरून स्टॉकहोमच्या संग्रहालयात नेले होते. त्या दिवशी वंशजांनी ते पुन्हा आपल्या मातीत ठेवले.

माणसांची हाडे संग्रहालयात कशी पोहोचली, हे नीट समजून घ्यायला हवे. १९२२ साली स्वीडन सरकारने उप्साला येथे वंशजीवशास्त्राची संस्था काढली. तिचे प्रमुख हेर्मान लुंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी सामींच्या वस्त्यांवर जाऊन डोकी मोजत, मुलाबाळांना उघडे उभे करून छायाचित्रे काढत. त्याच दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे कवट्याच मोजत होत्या. वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करूनही, कवटीच्या ठेवणीतल्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. मोजमाप तेच होते, पण त्याआधारे खोटे बोलायला त्यांनी नकार दिला.

परंतु अभ्यासक प्रामाणिक असला की सारे निभावते, असेही नाही. फ्रान्झ बोआस यांचेच पाहा. १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर तिथल्या इन्युइट आदिवासींबरोबर राहिलेला हा विद्वान पुढे वंशवादाचा कडवा विरोधक झाला. आधुनिक मानववंशशास्त्र ज्यांच्या खांद्यावर उभे आहे, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनीच ध्रुवसंशोधक रॉबर्ट पिअरीला अभ्यासासाठी एखादा इन्युइट माणूस आणायला सुचवले. १८९७ साली पिअरीने वायव्य ग्रीनलंडहून सहा जणांना न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आणले. तरुण मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबरने त्यांच्या चालीरीती टिपून घेतल्या. काही महिन्यांतच सहांपैकी चौघे क्षयाने गेले. त्यांत किसुक होता. त्याचा मुलगा मिनिक तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. मुलाच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या आवारात किसुकचे दफन केल्याचा देखावा झाला. पुरला तो लाकडाचा ओंडका होता, आणि हाडे संग्रहालयातच राहिली. मोठेपणी मिनिकला हे कळले. बापाचा देह मिळावा म्हणून तो भांडला, पण तो त्याला मिळाला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो वारला. किसुक आणि त्याचे सोबती ग्रीनलंडमधल्या कानाक येथे विसावले ते १९९३ साली. तोवर मिनिक जाऊन ७५ वर्षे झाली होती.

क्रोबरच्या नोंदी आजही उपयोगी आहेत. म्हणूनच हे प्रकरण अधिक जिव्हारी लागते. ज्ञान खरे होते, ते मिळवणारे क्रूर नव्हते. पण ज्यांच्याकडून ते मिळाले, त्यांना जाब विचारण्याचा अधिकारच कोणी ठेवला नव्हता.

वेगळ्या रीतीनेही अभ्यास होऊ शकतो, हे त्याच काळात, त्याच उत्तरेत दिसून आले होते. डॅनिश चित्रकार एमिली डेमांट हिची १९०४ साली आगगाडीच्या प्रवासात योहान तुरी या सामी लांडगेशिकाऱ्याशी गाठ पडली. आपल्या लोकांविषयी पुस्तक लिहायचे त्याच्या मनात होते. ती कोपनहेगनला परतून सामी भाषा शिकली, पुन्हा उत्तरेत येऊन एका सामी कुटुंबाबरोबर राहिली, रेनडिअरच्या कळपामागे हिंडली. तुरीकडून तिने पुस्तक लिहवून घेतले, त्याची विस्कळीत पाने लावली, डॅनिश अनुवाद केला. १९१० साली ते दोन्ही भाषांत छापले गेले आणि लेखक म्हणून नाव तुरीचे होते. सामी माणसाने सामी भाषेत लिहिलेले हे पहिले धर्मेतर पुस्तक. कळप कसा हाकावा, लांडगा कसा मारावा, दुखण्यावर काय करावे, योईक हे त्यांचे गाणे काय असते, आणि स्थायिक शेतकरी पुढे सरकत आले तसा आपला मुलूख कसा आकसत गेला, हे सारे त्यात आहे. काही घरे मिळून कळप आणि चराई सांभाळतात, त्या ‘सीदा’ नावाच्या व्यवस्थेवर पुढे विद्वानांनी पुष्कळ लिहिले. तुरी त्या व्यवस्थेच्या आतून बोलत होता.

अशा सहकार्यातून झालेले काम पुढच्या पिढ्यांच्याही उपयोगी पडते. अलास्कातील इयाक भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची व्यक्ती, मेरी स्मिथ जोन्स, २००८ साली वारली. मायकेल क्राउस या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून तिच्या आणि इतर वृद्धांच्या मदतीने कोश आणि व्याकरण तयार केले होते. आज इयाकांचे वंशज भाषा शिकू पाहतात, तेव्हा त्यांच्या हाती तेच साहित्य आहे. काही ठिकाणी हा सहभाग नियमानेही मागितला जातो. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात आता संशोधकाला आधी परवाना काढावा लागतो. २०१८ साली कॅनडातील इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाचे स्वतःचे धोरण जाहीर केले: काय अभ्यासायचे, माहिती कोणाकडे राहील आणि तिचा लाभ कोणाला, हे ठरवण्यात इन्युइटांचा वाटा असलाच पाहिजे.

हा आग्रह संशोधनाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, अशी कुरकुर ऐकू येते. ती मान्य करण्याजोगी नाही. घरात शिरणाऱ्याने घरच्यांना विचारावे, यात कोणाचेही स्वातंत्र्य जात नाही.

आपल्याकडेही कोरकू, माडिया, वारली, कातकरी या आदिवासींवर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात. ज्यांनी भाषा शिकवली, वंशावळी सांगितल्या, गाणी म्हणून दाखवली, त्यांची नावे त्या पानांवर सन्मानाने यावीत. प्रबंधाचा सार त्यांच्या बोलीत लिहून आणि ध्वनिमुद्रणांची प्रत करून ती त्या गावाच्या ग्रामसभेला व शाळेला द्यावी, आणि ती पोहोचल्याशिवाय पदवी देऊ नये. विद्यापीठांनी हा नियम येत्या वर्षापासूनच लागू करावा.