शिष्यवृत्ती मिळाली, आता रोजच्या प्रवासाचे काय?



राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज लंडनला शिकायला जात आहेत. विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु अर्ज भरण्याच्या वेळी पालक आम्हाला विचारतात ते फीबद्दल आणि विमानाच्या तिकिटाबद्दल. मुलगी तिथे रोज कॉलेजला कशी जाणार, रात्री खोलीवर कशी परतणार, हे फारसे कोणी विचारत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की पहिली कात्री याच खर्चाला लागते आणि मूल खोलीत कोंडून घेते. म्हणून आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत.

प्रवास ही आपल्या समाजासाठी साधी बाब कधीच नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरले, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला; पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर! पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर असताना चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. या दोन घटनांच्या मधल्या काळात अमेरिका-युरोपात काढलेल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्णद्वेष तिथेही भेटतो, आणि जात तर आपलेच लोक सामानाबरोबर नेतात. तरीही बसमध्ये चढताना कार्ड टेकवले की पुरे, आडनाव कोणी विचारत नाही. याचे मोल आपल्याशिवाय कोणाला कळणार?

आता व्यवहाराचे बोलू. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचे कार्ड लागते. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड टेकवायचे. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायचे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. जाताना कार्ड आणि येताना मोबाईल असेही करू नये. यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होतात.

आता हिशेब पाहा. २०२५ साली बसचे भाडे १.७५ पौंड होते. तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढेच. जाऊन-येऊन ३.५० पौंड, आठवड्याचे पाच दिवस धरले तर १७.५०, चार आठवड्यांचे ७० पौंड. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे महिन्याला सात हजारांहून अधिक! भुयारी रेल्वे याहून महाग. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या गर्दीच्या वेळेत बहुतेक भाडे आणखी वाढते. म्हणून खोली घेताना नुसते भाडे पाहू नये. लांबची स्वस्त खोली अधिक प्रवास, अशी बेरीज करूनच ठरवावे.

सवलती आहेत, पण त्या मागून घ्याव्या लागतात. लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यार्थी ऑयस्टर कार्डावर पासात ३० टक्के सूट मिळते. मात्र आपल्या लोकलच्या अनुभवावरून पास म्हणजे स्वस्तच असे धरून चालू नये. आठवड्यात फेऱ्या किती होतात ते मोजून मगच पास काढावा. १६ ते २५ वयाच्यांसाठी रेलकार्ड असते. पूर्णवेळ शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही ते मिळते. त्यावर रेल्वेच्या तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. स्टेशनावरील कर्मचाऱ्याला सांगून ते ऑयस्टरला जोडून घेतले तर गर्दीची वेळ सोडून शहरातही सूट मिळते. रेलकार्ड खोलीवर विसरून सवलतीच्या तिकिटावर प्रवास करू नये, दंड होतो. परगावी जायचे असेल तर तिकीट आधी काढावे, स्वस्त पडते. पण ते त्याच गाडीला चालते, गाडी चुकली की पैसे गेले. लांब पल्ल्याची बस बहुधा रेल्वेहून स्वस्त असते, वेळ मात्र जास्त लागतो.

मुलींच्या आई-वडिलांना रात्रीची काळजी वाटते. रात्रीच्या बस असतात, त्यांच्या क्रमांकाआधी बहुधा 'एन' हे इंग्रजी अक्षर असते. शुक्रवारी व शनिवारी भुयारी रेल्वेच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या धावतात. मात्र २५ डिसेंबरला लंडनमध्ये बस आणि रेल्वे बंद असतात. त्या दिवशी विमानाने पोहोचणाऱ्याचे हाल होतात, म्हणून तिकीट काढतानाच तारीख पाहावी.

सगळ्यात स्वस्त वाहन म्हणजे आपले पाय. बाबासाहेब शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, बॅरिस्टरीचे ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १९२१-२२ मध्ये ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. चॉक फार्म स्टेशनावर उतरून तिथे पायी जाता येते. प्रत्येक मुलाने तिथे एकदा जाऊन यावे.

आणि परत आलेल्या मुला-मुलींना आमची एक विनंती. एखाद्या रविवारी वंदनेनंतर तासभर विहारात बसा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला बस कशी पकडायची, सवलत कुठे मागायची, हे कागदावर लिहून द्या. मागून येणाऱ्याला वाट दाखवणे हाही धम्मच आहे.