इंदूरचा हॉट डॉग, शुद्ध तूप आणि आपण

उज्जैन-ओंकारेश्वर करून आलेली आमच्या वळसंगची मंडळी हल्ली महाकालाच्या प्रसादाबरोबर मोबाइलमध्ये एक व्हिडिओही आणतात. इंदूरच्या छप्पन दुकानमधलं 'जॉनी हॉट डॉग'. १९७८ पासूनचं छोटंसं दुकान, मोठा तवा, मोजकेच दोन-तीन पदार्थ आणि सगळे ज्यांना 'दादू' म्हणतात ते विजयसिंह राठोड. इतकी वर्षं तोच पदार्थ तसाच देत राहणं सोपं नाही. तेव्हा माझं भांडण दुकानाशी नाही, त्याच्यावरून आपण जे बोलतो त्याच्याशी आहे.

व्हिडिओखाली एक गट हमखास लिहितो : 'हॉट डॉगने कॅन्सर होतो.' ही अर्धवट माहिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असं नव्हे. मुळात जो थोडा धोका असतो, त्यात तेवढी भर पडते. आणि हे सगळं अमेरिकन हॉट डॉगमधल्या सॉसेजबद्दल आहे. इंदूरच्या बनमध्ये सॉसेज नसतोच. बटाट्याची टिक्की, अंड्याचं 'बेंजो' नाहीतर मटणाची टिक्की. नाव साहेबी, पण नातं आपल्या वडापावशी.

दुसरा गट मला जास्त घातक वाटतो. 'जुनं दुकान आहे, शुद्ध तुपातलं आहे, काही होत नाही!' कोणी सांगितलं? तुपात साठ टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते, आणि ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या वर कॅलरी. डालड्यापेक्षा तूप बरं, हे मान्य. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने 'घरचं तूप आहे' म्हणून वाटी ओतून घ्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

त्यात मैद्याचा बन आणि आत बटाटा. पिठात पीठच. साखर तीनशेवर घेऊन आलेला पेशंट मला शपथेवर सांगतो, "डॉक्टर, गोड काहीच खाल्लं नाही." खरंच सांगत असतो बिचारा! मैद्याची आणि बटाट्याची पोटात साखरच होते, हे त्याला कोणी समजावलेलंच नसतं. आम्ही डॉक्टर लोक 'बाहेरचं बंद' एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारतो. तो मान हलवतो आणि अक्कलकोट रोडवर वडापाव खातो.

आणखी एक. छप्पन दुकानला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाऊगल्लीचा दर्जा दिला आहे. चांगलंच झालं, जुलाब-कावीळ टळेल. पण ते प्रमाणपत्र स्वच्छतेचं आहे. मधुमेह्याने किती खावं, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

मग इंदूरला जाऊन तोंड बांधून बसायचं का? मुळीच नाही. मधुमेह असेल तर एक खा, आणि तो जेवणाऐवजी खा, जेवणावर नव्हे. अंडं चालत असेल तर बटाट्यापेक्षा बेंजो बरं. हृदयविकार असेल तर तूप कमी लावायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलं तर कोणी रागावत नाही. प्रवास आहे म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि त्यावर इंदुरी शिकंजी मागवाल तर जरा थांबा. ते लिंबूपाणी नाही, आटवलेल्या दुधाचं गोड पेय असतं. खरी साखर तिथे चढते.