‘घरच्यांनीच करून घ्या’ ही आरोग्यव्यवस्था नाही



डोंगरकड्याच्या शिवारातली केळीची बाग रस्त्यावरून बघणाऱ्याला हिरवीगार श्रीमंती दिसते. त्या बागेतून डोक्यावर घड घेऊन चिखल तुडवत ट्रकपर्यंत येणारा मजूर मात्र दिसत नाही. माझे मोठे चुलते असेच घड वाहायचे. वीसेक वर्षं वाहिले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी निदान केलं, “अंगावरून वारं गेलं.” कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी लकव्याचं औषध देणाऱ्या बाबाचा पत्ता दिला. या गडबडीत दुपार झाली. नांदेडला पोचेपर्यंत मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती.

ही आमची चूक. ती मी लपवत नाही. बाबासाहेबांच्या वस्तीत कबुतराच्या रक्ताची चर्चा होते, याची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे.

पण आठ दिवसांनी रुग्णालयातून सुट्टी देताना जे झालं, ती आमची चूक नव्हती. कागदावर गोळ्यांची नावं होती आणि तोंडी एक वाक्य मिळालं, “व्यायाम घरच्यांनीच करून घ्या.” कोणता व्यायाम? दिवसातून किती वेळा? गिळता येत नसेल तर पाणी कसं पाजायचं? बोलणं परत येण्यासाठी काय करायचं? चुलतीने एवढंच विचारलं, “किती दिवस करायचं, साहेब?” त्याचंही उत्तर मिळालं नाही.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

वाक्याची परीक्षा झाली आहे

‘घरचे करून घेतील’ हा केवळ घाईतल्या डॉक्टरचा सल्ला नाही. गरीब देशांत फिजिओथेरपिस्ट कमी, कुटुंबं मोठी. मग कुटुंबालाच शिकवलं तर स्वस्तात काम होईल, असा विचार जगभर गंभीरपणे मांडला गेला. त्याची परीक्षा आपल्याच देशात झाली. ‘अटेंड’ नावाच्या या अभ्यासात भारतातली १४ रुग्णालयं आणि १२५० रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं, उरलेल्यांना नेहमीची सेवा मिळाली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनंतर मृत झालेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ४७ टक्के आणि दुसऱ्या गटातही ४७ टक्के होते. फरक शून्य.

लक्षात घ्या, या अभ्यासात नातेवाइकांना निदान शिकवलं तरी होतं. माझ्या चुलतीला कुणी तेवढंही शिकवलं नाही.

काही जण यातून उलटा अर्थ काढतील, की पुनर्वसनाचा उपयोगच नाही, मग खर्च कशाला? तसं या अभ्यासातून सिद्ध होत नाही. प्रशिक्षित माणसाचं काम थोडंसं शिकवून घरच्यांच्या गळ्यात मारता येत नाही, एवढंच त्यातून दिसतं. प्रशिक्षित नर्स, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार करणारे आणि डॉक्टर एकत्र काम करतात अशा पक्षाघात कक्षात मृत्यू आणि परावलंबन दोन्ही कमी होतात, हे अनेक देशांतल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांनी वारंवार दाखवलं आहे. त्या कक्षात चमत्कारी औषध नसतं. योग्य वेळी योग्य काम करणारी माणसं असतात. आपल्याकडे नेमकी हीच माणसं नेमली जात नाहीत.

आणि हे काम वाटतं तितकं सोपंही नाही. पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत रुग्णाला जास्त प्रमाणात उठवा-बसवायला सुरुवात केली, तेव्हा चांगलं बरं होणाऱ्यांचं प्रमाण उलट घटलं. तिथे प्रशिक्षित लोकांनाही मात्रा सापडायला अभ्यास करावा लागला. घरात आपण लुळा हात धरून माणसाला ओढून उठवतो आणि खांदा निखळतो. झोपवूनच घोटभर पाणी पाजतो, ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. ही माया असते, पण ज्ञान नसतं. ते ज्ञान पुरवणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

‘घरचे’ म्हणजे नेमकं कोण?

घरचे म्हणजे बाई. बायको, सून, नाहीतर शाळेतून काढलेली मुलगी. चुलती रोज मजुरीला जायची. चुलते पडल्यावर घरातल्या दोन मजुऱ्या एकाच दिवशी बुडाल्या. त्यांना उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं ही दिवसभराची मजुरीच आहे. फक्त तिचा हजेरीपट नाही आणि तिचा शनिवारचा पगार नाही. या मजुरीला ‘सेवा’ म्हटलं की पैसे द्यायचा प्रश्नच मिटतो. घाणीचं काम कुणी करायचं हे जन्मावरून ठरवून त्याला कर्तव्य म्हणणारी व्यवस्था आपण ओळखतो. तिचीच भाषा इथे पांढरा कोट घालून बोलते.

‘सहा महिन्यांत जे व्हायचं ते झालं’

दुसरं वाक्य आम्ही सहा महिन्यांनी ऐकलं. आता यापुढे काही होणार नाही. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वात वेगाने होते, हे खरं आहे. पण त्यानंतर दार बंद होतं, हे खोटं आहे. अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांना घेतलं. चांगला हात बांधून कमजोर हातालाच काम करायला लावलं. त्यांचा हात सुधारला आणि तो फरक वर्षभर टिकला. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत ९० तासांचे उपचार दिले गेले. त्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना झटका येऊन दीड वर्ष उलटलं होतं. तरीही हात सुधारले.

म्हणजे सहा महिन्यांची मर्यादा मेंदूने घातलेली नाही. ती खर्च करणाऱ्याने घातलेली आहे. ‘आता काही होणार नाही’ याचा खरा अर्थ ‘आता आम्ही काही करणार नाही’ असा होतो.

हा प्रश्न म्हाताऱ्यांचा आणि शहरांचा नाही

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. कोणत्याही एका कारणाने झालेले सर्वात जास्त मृत्यू हेच. त्यातले ८७ टक्के मृत्यू घरातच झाले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे झटका हा आता खेड्यातल्या, कष्टकऱ्याच्या घरातला आजार आहे.

आणि सरकारने काय केलं? २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांच्यासोबत पक्षाघात होता. २०२३ मध्ये त्याचं नाव ‘असंसर्गजन्य आजार कार्यक्रम’ केलं. ज्याचं पुनर्वसन उभं राहिलं नाही, त्याचं नावही पाटीवरून गेलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा गरिबांना आधार आहे, ते नाकारत नाही. पण ती मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांची योजना आहे. पक्षाघाताची खरी लढाई तर सुट्टी मिळाल्यानंतर सुरू होते.

बाबासाहेबांनी घातलेला पाया आणि त्याच्या बाहेर ठेवलेली माणसं

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल याच काळात, १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज त्या योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायू आहे. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारक कामगाराला अशा आजारात ८० टक्के मजुरी, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

आता दोन माणसं शेजारी उभी करा. एक कारखान्यात पेट्या उचलणारा, दुसरा बागेत घड उचलणारा. दोघांचाही उजवा हात गेला. एकाला दोन वर्षं मजुरी आणि दुसऱ्याला ‘घरच्यांनी करून घ्या’. मेंदूतली गुठळी शेतमजूर आणि कारखाना कामगार असा भेद करत नाही. तो भेद कायदा करतो. आणि या बागांत घड वाहणारे, भूमिहीन, बहुतेक कोणत्या जातीचे आहेत, हे डोंगरकड्यात कुणी मला विचारू नये.

‘शेतमजुरांचा विमा परवडणार नाही’ असं उत्तर येईल. आर्थिक कुवतीचा शब्द संविधानाच्या कलम ४१ मध्ये आहेच. पण त्याच कलमात आजारपण आणि अपंगत्वात सरकारी साहाय्याचा हक्कही आहे. राज्याने फक्त कुवतीचा शब्द पाठ केला आणि हक्काचा विसरला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कलम २५ मध्ये आरोग्यसेवेबद्दल आणि कलम २७ मध्ये पुनर्वसनाबद्दल सरकारवर जबाबदारी टाकतो. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. चुलतीच्या मजुरीला कायद्याने नाव दिलं आहे. पैसे मात्र तिच्या हातात पडत नाहीत.

चळवळीलाही एक प्रश्न

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हा आपला मुद्दा नाही; अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती हे आपले मुद्दे. मी त्या प्रत्येक मोर्चात असतो. पण गेल्या १४ एप्रिलला मिरवणूक चुलत्यांच्या दारावरून गेली, तेव्हा ते खाटेवरून डावा हात वर करून ‘जय’ एवढंच म्हणू शकले. ‘भीम’ जिभेवर आलं नाही. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. मीही थांबलो नाही. ते मला अजून टोचतं.

आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला दिसला, तेव्हा बुद्धाने त्याला उपदेश केला नाही. आनंदला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः त्याला धुतलं. मग इतर भिक्खूंना जाब विचारला, की याची काळजी कुणी का घेतली नाही? आजाऱ्याची काळजी ही त्याने संघाची जबाबदारी केली. आपणही स्वतःला संघ म्हणवतो.

मग करायचं काय?

पहिलं, आपल्या हातातलं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं की वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. बाबा नको, कबुतर नको. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. तो गप्प बसून रडत असेल तर त्याला हट्टी म्हणू नका. झटक्यानंतर सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

दुसरं, गावाच्या हातातलं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा. चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून द्यायला वस्तीतल्या प्रत्येक झटक्याच्या रुग्णासोबत एक तरुण द्या.

तिसरं, सरकारकडून घ्यायचं. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. तिथे पक्षाघात कक्ष हवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं भरलेलं पद हवं. सुट्टीनंतर घरी येणारा प्रशिक्षित माणूस हवा, मराठीत वाचा-उपचार हवेत. काळजीवाहक भत्ता चुलतीच्या खात्यात यायला हवा, आणि शेतमजुरालाही आजारपणातली मजुरी मिळायला हवी.

यातली एकही मागणी दयेची नाही.

चुलते आता भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत येतात. ते कसरतीचं श्रेय चुलतीचं आहे, कोणत्याही योजनेचं नाही. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक त्यांच्या दाराशी थांबवायची, एवढं आमच्या मंडळाने ठरवलं आहे. त्यानंतर तिथूनच निवेदन घेऊन निघायचं आहे.

जय भीम. जय संविधान.