विश्लेषण : वजन घटविण्याची शस्त्रक्रिया... डॉक्टरांना काय विचाराल, घरच्यांना काय सांगाल?

खोपट, पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि पलीकडे कल्याण-डोंबिवलीत वजन घटवून देणाऱ्या जाहिरातींची कमतरता नाही. त्यात मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोव्ही' ही इंजेक्शने भारतात दाखल झाली. 'वेगोव्ही'मधील सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये खाद्यतेल १० टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. एकूणच लठ्ठपणा हा आळशीपणा नसून आजार आहे, ही चर्चा आता घराघरांत पोहोचली आहे. त्यातून बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेची चौकशी करणारेही वाढत आहेत. मात्र ही चौकशी बहुतेकदा गुपचूप होते. पहिली भेट 'ऑपरेशनची तारीख घ्यायला' आणि घरी 'पित्ताशयाचे आहे' असे सांगून! या दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात.

ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

सर्वप्रथम एक गल्लत दूर करायला हवी. ही चरबी काढण्याची शस्त्रक्रिया नाही. चरबी शोषून घेण्याची लायपोसक्शन ही सौंदर्य शस्त्रक्रिया आहे. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया पचनसंस्थेवर होते. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींत केवळ पोट लहान होते असे नाही. भूक आणि साखर यांच्याशी संबंधित संप्रेरकांतही बदल होतो. म्हणूनच टाइप-२ मधुमेहींना तिचा लाभ होतो. भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत, तर अरुण जेटली यांच्यावर केंद्रीय अर्थमंत्री असताना सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ही शस्त्रक्रिया झाली. जेटलींच्या बाबतीत जुना मधुमेह हे कारण जाहीरपणे सांगण्यात आले होते.

पात्र कोण? इथेच खरी मेख

पात्रतेचे मोजमाप बीएमआयवर ठरते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. पाच फूट तीन इंच, म्हणजे सुमारे १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. तिचे वजन ७६.८ किलो असेल तर बीएमआय ३०, ८९.६ किलोला ३५ आणि १०२.४ किलोला ४०.

१९९१ पासून जगभर ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५ हा निकष होता. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर सहव्याधी नसली तरी शस्त्रक्रियेची शिफारस होते आणि ३० ते ३५ दरम्यान मधुमेहासारखा आजार असल्यास विचार होतो. आशियाई लोकांत कमी वजनालाही धोका सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी उंबरठा आणखी खाली, २७.५ वर आणण्यात आला.

विमा मात्र जुन्याच जागी आहे. विमा नियामक 'इर्डा'ने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींची भाषा प्रमाणित केली. त्यानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. ३५ असेल तर हृदयस्नायूंचा लठ्ठपणाशी निगडित आजार, हृदयधमनी विकार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांपैकी काही हवे आणि कमी त्रासाचे उपाय फसलेले असावेत. वरच्या उदाहरणातील व्यक्तीचे वजन ८५ किलो आणि मधुमेह बेलगाम असेल तर वैद्यकीय निकषांवर ती विचारार्ह ठरते, पण विम्याच्या निकषांवर नाही. या फटीत मध्यमवर्गीय रुग्ण अडकतो आणि काही लाखांचे बिल स्वतः भरतो.

त्यामुळे डॉक्टरांच्या आधी पॉलिसीचा कागद वाचावा. प्रतीक्षा कालावधी किती, आधीपासूनच्या आजारांची अट काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटचे 'होऊन जाईल' पुरत नाही. 'कमी त्रासाचे उपाय फसले' याचा पुरावाही लागतो. म्हणजे आहारतज्ज्ञाकडील जुन्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, दरवर्षीच्या तपासणीतील वजनाच्या नोंदी. घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडलेले हे कागद पहिल्या भेटीची खरी तयारी आहेत.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवे?

चांगला शल्यचिकित्सक पहिल्याच दिवशी तारीख देत नाही, तो ऐकतो. वजन कधीपासून वाढले, बाळंतपणानंतर, रात्रपाळीत की एखाद्या औषधानंतर? स्टिरॉइड आणि काही मानसोपचाराच्या गोळ्यांनीही वजन वाढते, तेव्हा सर्व औषधांची यादी न्यावी, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यांसह. रात्री घोरता का, श्वास अडकतो का, हे आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारून जावे. तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू यांविषयी लपवाछपवी नको. धूम्रपानाने जोड भरून यायला अडथळा येतो. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू फार लवकर चढते.

पुढे एन्डोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, हृदयाची तपासणी, गरजेनुसार झोपेची चाचणी, जीवनसत्त्वांच्या पातळ्या आणि मानसिक आरोग्याचे मूल्यमापन होते. शेवटच्या नावाला अनेक जण बिचकतात. ती वेडेपणाची तपासणी नव्हे. ताण आला की खाणे, एकटे असताना खाणे या सवयी पोट लहान झाल्याने आपोआप जात नाहीत, म्हणून ती असते.

आपणही विचारायचे. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? तीव्र अॅसिडिटी असेल तर हा प्रश्न अटळ आहे, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, गळती झाली तर रात्री दोन वाजता कोण येईल, पाच वर्षांनी वजन परत वाढलेले तुमचे रुग्ण किती? इंजेक्शनने माझे भागेल का? शेवटचा प्रश्न ऐकून जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो हे उत्तर नव्हे.

परवानगी कुणाची लागते?

कायद्याने, सज्ञान रुग्णाची स्वतःची. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हे स्पष्ट केले. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. रुग्ण सज्ञान असून तिच्या संमतीची वाट पाहणे शक्य असताना आईची संमती वैध नाही, असे न्यायालयाने म्हटले. उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास काय, ही माहिती रुग्णाला मिळायला हवी, हेही त्या निकालात आहे. याच्या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. सासरे किंवा नवरा 'नको' म्हणाले म्हणून ३० वर्षांच्या स्त्रीची शस्त्रक्रिया अडत नाही. आणि आईवडिलांनी लग्नाच्या घाईने ठरवले म्हणून २३ वर्षांच्या मुलीला ती करून घ्यावी लागत नाही.

मग घरी सांगायचेच कशाला?

परवानगीसाठी नाही, सुरक्षिततेसाठी. मे २०२२ मध्ये बंगळूरुत २१ वर्षीय कन्नड अभिनेत्री चेतना राज हिचा मृत्यू झाला. ती चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आईवडिलांना न सांगता गेली होती, असे वृत्त तेव्हा आले होते. ती शस्त्रक्रिया वेगळी, पण एकटेपणा तोच. एप्रिल २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या २६ वर्षीय तरुणाचा चेन्नईत वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला आणि तमिळनाडू सरकारने त्या रुग्णालयावर कारवाई केली. असे मृत्यू विरळ आहेत. अनुभवी केंद्रांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास मानले जाते. पण विरळ म्हणजे शून्य नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नाडी जलद होणे, ताप, पोटात वा डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे ही गळतीची चिन्हे असू शकतात. रुग्ण स्वतः 'गॅस असेल' म्हणून झोपतो. घरातल्या माणसाला माहीत असेल तर तो रिक्षा बोलावतो. सतत उलट्या झाल्या तर शरीरातील थायमिन संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो आणि याच गोळ्या आपल्या घरांत आई 'डोके दुखतेय ना, घे' म्हणून देते. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या औषधांचे डोस शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने बदलतात. जुन्याच डोसने साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते.

लग्नाआधी शस्त्रक्रिया करून सासरी ती लपवण्याचा प्रकार तर सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. वजन उतरू लागले की, विशेषतः पीसीओएस असलेल्या स्त्रियांत, गर्भधारणेची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पूर्ण शोषल्या जातील याची खात्री नसते. अशा वेळी 'गोड बातमी कधी?' या प्रश्नाला उत्तर काय देणार? निदान नवऱ्याला माहीत हवेच.

नातेवाइकांच्या अपेक्षांचे काय?

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद सुमारे ५०० किलो वजन घेऊन मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. ७ मार्चला तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, वजन बरेच उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पण सोबत आलेल्या बहिणीने एप्रिलमध्ये या दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतला. रुग्णालयाने आरोप फेटाळले. ४ मे रोजी इमानला अबूधाबीला हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबरला तिचे तिथे निधन झाले. तिच्यात लठ्ठपणाला कारणीभूत जनुकीय दोषही आढळला होता. खरे-खोटे काय, यापलीकडे एक गोष्ट दिसते. डॉक्टर किलो मोजत होते आणि बहीण इमान उठून कधी चालेल याची वाट पाहत होती. घरच्यांना सांगताना 'बारीक होणार' एवढेच सांगू नये. केस काही महिने गळतील, त्वचा लोंबेल, जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतील, काही वजन परतही येईल, हेही सांगावे.

सर्वांना सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांवर गोपनीयतेचे बंधन आहे. ऑफिसात 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढे पुरते. पण घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सांगावेच लागते. पहिले काही दिवस पातळ, मग मऊ पदार्थ, रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने, जेवताना पाणी नाही. पोळी-भाजी-वरण-भाताच्या ताटात हे बसवायला तिची मदत लागते. पंगतीतल्या 'एवढंच? आणखी एक पुरणपोळी घे' या आग्रहाला तीच थोपवू शकते. शक्य असल्यास दुसऱ्या भेटीला तिलाच सोबत न्यावे. आहारतज्ज्ञाने तिच्याशी बोललेले बरे.

घरी येताना डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार लिहून घ्यावा. उद्या अपघातात दुसऱ्या रुग्णालयात नेले, तर नाकातून पोटात नळी घालण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना तो कळायला हवा. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. त्या कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा.