हाक उपजत, भाषा घरची

कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. ‘वलम्’ म्हणजे उजवीकडे, ‘चुळि’ म्हणजे वळण किंवा भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते म्हणून हे नाव, असे सांगतात. ते गाव न पाहताही नदीचे वळण आपल्या डोळ्यांसमोर येते. समोर नसलेले सांगता येणे, हे भाषेचे मोठे बळ. माकडांना ते जमते का?

केनियातील अंबोसेली येथे वर्व्हेट माकडांचा अभ्यास करून सेफर्थ, चेनी आणि मार्लर यांनी १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी या माकडांच्या वेगवेगळ्या हाका आहेत. शत्रू नसताना नुसत्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तरी बिबट्याची हाक ऐकून माकडे झाडावर चढत, गरुडाची ऐकून वर पाहत आणि सापाची ऐकून खाली गवत न्याहाळत. म्हणजे हाकेला अर्थ आहे. मात्र ‘काल इथे बिबट्या आला होता’ असे सांगणारी हाक त्यांच्यात आढळलेली नाही.

शिवाय हाकेचा आवाज बहुतांशी उपजतच असतो. सेनेगलमधील हिरवी माकडे ही वर्व्हेटची चुलत भावंडे. दोघांच्या वाटा लक्षावधी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हिरव्या माकडांच्या डोक्यावरून ड्रोन उडवण्यात आला. त्या अनोळखी वस्तूला पाहून त्यांनी दिलेली हाक वर्व्हेटच्या गरुडाच्या हाकेशी मिळतीजुळती निघाली. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती! पिलांना शिकावा लागतो तो हाकेचा योग्य वापर. लहान वर्व्हेट गळणारे पान पाहूनही गरुडाची हाक देते.

माणसाचे मात्र उलटे आहे. त्याची भाषा आपोआप पुढे जात नाही. याच कुंभकोणमच्या मुलखात सतराव्या शतकात व्यंकोजीराजांमुळे मराठी राज्य आले. १८५५ मध्ये ते संपले. तरीही तिथल्या काही घरांतून तमिळमिश्रित मराठी अजून बोलली जाते. राज्य गेल्यावर ती टिकली, कारण प्रत्येक पिढीतल्या आई-आजीने मुलांशी तीच भाषा बोलली. एखाद्या पिढीने बोलणे सोडले, की साखळी तुटते.

परप्रांतात, परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे. बाहेरची भाषा त्यांना शाळा शिकवील. ‘आज काय काय झालं, सांग बरं!’ हे मराठीत विचारायला मात्र घरचेच माणूस हवे.